पंधरा ते एकोणीस

त्या वर्षी मला दोन गोष्टींची भीती वाटत होती, साहेबांची आणि बाळंतपणाची. साहेबांची भीती उन्हाळा संपायच्या आत गेली. दुसरी दिवसांबरोबर वाढत गेली, आणि तिला खतपाणी घालायला मी स्वतःच रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसात जात होते.

शिरगणती होऊन वर्ष उलटलं होतं. कोणत्या वयाच्या बाईला वर्षाकाठी किती मुलं होतात, हे सरकारला आता घरोघर विचारून हवं होतं. त्यासाठी दारव्ह्याला बाजारामागे दोन खोल्या घेतल्या, नागपूरहून एक साहेब आणले आणि फिरायला सात-आठ माणसं नेमली. त्यांत बाई मी एकटी. पुरुषांना बाया उत्तर देत नसत आणि नवऱ्यांना विचारावं तर त्यांना मुलं किती एवढं सांगता येई, कधी झाली ते नाही. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, लग्नाला दीड वर्ष. नवरा शाळेत मास्तर. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जा. घरात बसून तरी कोनते दिवे लावून राह्यली?" ही परवानगी आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.

काम असं होतं. फॉर्मच्या पहिल्या पानावर घरातल्या माणसांची यादी. काल जो घरी झोपला तो घरचा, बाकी कोणी नाही. दुसऱ्या पानावर पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईसाठी एक ओळ. वय काय, झाले किती, आहेत किती, गेल्या बारा महिन्यांत झालं का, आणि झालं तर कोणत्या महिन्यात.

वय कोणालाच माहीत नसे. "असन वीस-बावीस," असं सून म्हणे, तर आतून सासू ओरडे, "वीस कायची? माह्या मोठ्याच्या बारशाले हे रांगत होती." मग न्हाण कधी आलं, लग्नानंतर किती पोळे झाले, असं विचारत विचारत मी वय काढायची. मुलाचा महिना मात्र पक्का असे. होळी, अखजी, पोळा, दिवाळी, ह्यांच्या अलीकडे की पलीकडे, हे बाई झोपेतून उठवली तरी सांगे.

"झाले किती" ह्या प्रश्नाला बाया आधी जिवंत मुलांचाच आकडा सांगत. आम्हाला शिकवलं होतं की तिथं थांबायचं नाही. "होऊन गेलेलं एखादं?" असं लगेच विचारायचं. मग बाई पदराखाली बोटांच्या पेरांवर मोजू लागे. मी पेन्सिल धरून उभी असे आणि मनात म्हणे, आटप बाई, अजून नऊ घरं व्हायची आहेत. ते आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कार्तिकात माझी पाळी चुकली. मार्गशीर्षात उलट्या सुरू झाल्या, आणि आमच्या यादीतला बंजाऱ्यांचा एक तांडा नेमका त्याच दिवसांत आला. त्या दिवशी मी दोनदा बाभळीआड जाऊन आले होते. एका घरी अंगणात माझ्याएवढीच, एकोणीस वर्षांची एक बाई दोन पोरं घेऊन बसली होती, एक मांडीवर, एक अंगावर. "हे कोणाचे?" विचारलं तर तिची सासू, नवरा, शेजारीण सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "हिचेच." महिने विचारले. एक होळीचा, एक पोळ्याचा. मी लिहून घेतलं, बारा महिन्यांत दोन, आणि पुढच्या घरी गेले. डोकं ठिकाणावर असतं तर तिथंच हात थांबला असता.

माघात फिरणं संपलं आणि तक्ते सुरू झाले. साहेबांनी सगळ्या बायांचे वयाप्रमाणे सात गट पाडले होते. पंधरा ते एकोणीस, वीस ते चोवीस, असं करत एकोणपन्नासपर्यंत. प्रत्येक गटात बाया किती ते खाली लिहायचं, त्यांना वर्षात झालेली मुलं वर लिहायची, भागायचं, हजारानं गुणायचं. म्हणजे त्या वयाच्या हजार बायांमागे वर्षाला किती जन्म ते निघतं. भागाकाराला एक हातानं फिरवायचं यंत्र होतं. त्याचा दांडा फिरवला की आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज येई.

साहेब उंच, सुकट, कमी बोलणारे. चिडत नसत, आणि त्याचीच जास्त भीती वाटे. आमच्यातल्या एकानं चिंचेखाली बसून मनानंच चाळीस फॉर्म भरले होते, ते त्यांनी गावी न जाता ओळखलं. त्याच्या बायांची वयं फारच नीट पसरलेली होती. खऱ्या बाया वीस, पंचवीस, तीस अशा वयांवर गर्दी करतात. साहेबांनी त्याला बोलावून एवढंच सांगितलं की, "उद्यापासून येऊ नका," आणि परत कामाला लागले.

मी पहिल्या गटाचे फॉर्म मागून घेतले होते. तो माझा गट होता. आपल्या वयाच्या मुली कशा आहेत, किती जणींचं सुखरूप झालं, हे बघून धीर येईल असं मला वाटलं होतं. आणि पहिले काही दिवस तो आलाही. अठरा वर्षं, झाले एक, आहे एक. एकोणीस वर्षं, झाले दोन, आहे एक. मुलं जात होती, त्यानं वाईट वाटे, पण बायांना काही होत नव्हतं. एकीलाही नाही. मी रोज संध्याकाळी घरी जाताना पोटाला सांगायची, बघ, सगळ्याजणी ठीक आहेत.

मग एका दुपारी दांडा फिरवता फिरवता माझ्या लक्षात आलं की मी ज्या ज्या बाईला विचारलं ती जिवंत होती म्हणूनच विचारलं. जी गेली तिची ओळच नाही. ती यादीत नाही, तिचं वय नाही, तिला काय झालं ते कोणी विचारलेलं नाही. माझ्या गठ्ठ्यातली एकही मेलेली नव्हती, कारण मेलेल्यांना त्यात येताच येत नव्हतं. दांडा तसाच अर्ध्यावर सोडून मी बाहेर ओसरीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी धीर करून साहेबांना विचारलं, "बाळंतपणात गेल्या त्यांचा तक्ता कुठला?"

"तो प्रश्न आपल्या फॉर्मात नाही," ते म्हणाले.

"पण किती जातात?"

त्यांनी वर पाहिलं. मला तेव्हा पाचवा लागला होता आणि लुगड्यातून दिसायला लागलं होतं. ते काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मला माहीत नाही, बाई." खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी आकड्यांत त्यांना शोधायला लागले. घराच्या यादीत नवरा आहे, सासू आहे, सून नाही. असं दिसलं की मी घाईनं शेरा वाचायची. बहुतेक वेळा ती माहेरी गेलेली असे. साहेबांना आमच्या भागातली ही रीत मीच समजावून सांगितली. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणून सासरी विचारलं की ती माहेरी, आणि माहेरी विचारलं की ती पाहुणी, तिचं नाव कोणी सांगत नाही. दोन्हीकडच्या यादीतून ती सुटते. त्यामुळे पहिल्या गटाचा आकडा जितका हवा तितका येत नव्हता. साहेबांनी ते लिहून घेतलं, मान हलवली. मी मात्र खुर्चीत बसून विचार करत होते की अजून दोन महिन्यांनी मीही अशीच दोन्हीकडून सुटणार.

माझं माहेर पांढरकवड्याच्याही पुढं, झरीच्या बाजूला जंगलात. डांबरी रस्त्यापासून बैलगाडीनं अर्धा दिवस. मधे एक नाला, पावसाळ्यात तो चार-चार दिवस उतरत नसे. माझे दिवस भरत होते श्रावणात. तिकडं दवाखाना नव्हता, माझी आई होती. आमच्या गावातलीच नाही तर आसपासच्या तीन गावांतली बाळंतपणं आईनं केलेली. तिच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणत. अशा आईच्या पोरीनं सरकारी दवाखान्याचं नाव काढणं म्हणजे आईच्या तोंडावर तिला तू कुचकामी म्हणणं. आणि सासूबाईंपुढं काढणं तर त्याहून अवघड. मी नवऱ्याजवळ विषय काढला. ते म्हणाले, "तू म्हणशील तसं," आणि लगेच दाराकडं पाहिलं, त्यांची आई ऐकत नाही ना म्हणून. त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

फाल्गुनाच्या शेवटी साहेबांनी मला बोलावलं. पुढ्यात माझा एक फॉर्म होता.

"ह्या बाईला होळीला एक मूल झालं आणि पोळ्याला दुसरं. मधे किती महिने?"

मी मनात मोजले. "साडेपाच," मी म्हटलं.

"मग?"

मला चिंचेखालचा तो माणूस आठवला. मी खरंच गेले होते, त्या अंगणात उभी राहिले होते, पण ते कसं पटवून देणार? "सगळ्यांनी तसंच सांगितलं," एवढंच कसंबसं म्हटलं. साहेब म्हणाले, "आपण जाऊन विचारू." ते 'आपण' ऐकून मला रडू आलं. ते मी ऑफिसात तरी आवरलं.

चैत्रातलं ऊन. बैलगाडीत साहेब पुढं, मी मागं गोणपाटावर. दगडावरून चाक गेलं की मी दोन्ही हातांनी पोट धरायची. तांड्यावर पोचलो तेव्हा साहेबांना तांड्याच्या प्रमुखाच्या, नाईकांच्या ओट्यावर चहाला बसवलं आणि मी एकटी त्या घरी गेले. बाई तशीच अंगणात होती. थोरला आता भिंतीला धरून चालत होता, धाकटा तिच्या अंगावर होता.

मी विचारलं, "हे दोघं तुझेच का?"

तिनं माझ्या हातातल्या फॉर्मकडं पाहिलं, मग माझ्याकडं. धाकट्याला शेजारणीकडं दिलं, मला हात धरून गोठ्याच्या मागं नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "थोरला माहा. धाकला माह्या लहान्या जावेचा. पन त्याच्या कानावर नाई पडू देत आमी. अंगावरून सुटेपर्यंत त्याची याडी, माय, मीच. घरात सगळ्याईनं असंच ठरवलं हाये. कोनी इचारलं त हेच सांगाचं."

"सहा-सात महिन्यांच्या मुलाला काय कळतं?"

"कळते का नाई कोनाले मालूम? त्यानं दूध सोडलं त मंग?"

मग मला विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "तिला काय झालं?"

"पयलं म्हनून मायरी गेलती. दोन दिवस कळा देत राह्यली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं म्हनून गाडी जुपली, त नाल्याले पूर. बैल पान्यात उतरेना. गाडीतच झालं पोट्टं. ते जगलं." ती गोठ्याच्या कुडाची एक काडी मोडत होती. "तिले मंग तिथूनच वापस नेलं."

मी कुडाला टेकले. तिनं माझं पोट पाहिलं.

"कितवा?"

"सहावा."

"मायेर कुठचं?"

"झरीकडचं."

"मधात नाला हाये का?"

मी मान हलवली. तिनं फॉर्मवर बोट ठेवलं. "ते लिहून घे. अठरा संपून एकोनीस लागलं होतं तिले. पोट्टं तिच्या नावावर लिहिशीन ना?"

"लिहिते," मी म्हटलं.

परतताना गाडीत मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला समजावलं, आणि शांतपणे समजावलं. खाली बाया, वर मुलं. आपण मोजलं त्या दिवशी ती बाई नव्हती, तेव्हा ती खाली येत नाही. खाली जी नाही तिचं मूल वर घेता येत नाही.

"मग जावेच्या नावावरच राहू द्यायचं?"

"तेही चूक आहे. जावेचं एकच धरा. दुसरा जन्म खोडा आणि शेऱ्यात लिहा, आई मयत."

"म्हणजे तो कुठंच नाही?"

"यादीत आहे, मूल म्हणून. जन्म म्हणून नाही." मग म्हणाले, "हिशेबाला तसंच लागतं, बाई."

मी गाडीतच मांडीवर फॉर्म ठेवून खोडलं. गाडी हलत होती म्हणून रेघ वाकडी गेली. तासाभरापूर्वी मी त्या बाईला लिहिते म्हणाले होते. साहेबांनी गाडीवानाला गाडी दगडांवरून हळू घ्यायला सांगितली, दोनदा. त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटली नाही. पण भ्यायला मग एकच गोष्ट उरली आणि तिनं सगळी जागा घेतली. स्वयंपाक करताना, आंघोळीला बसताना, दांडा फिरवताना मला ती गाडी दिसे, आणि गाडीतली बाई मीच असे.

तक्ता पुरा झाला. पंधरा ते एकोणीसच्या ओळीतला एक जन्म कमी झाला म्हणून आकडा थोडासा खाली आला. साहेबांनी तो स्वच्छ अक्षरात उतरवून घेतला. अक्षर माझंच.

वैशाखात सातवा लागला आणि मला न्यायला आई-बाबा आले. पांढरकवड्यापर्यंत बैलगाडी, तिथून एस.टी.नं यवतमाळ, मग छोट्या रेल्वेगाडीनं दारव्हा. बैलगाडी त्यांनी पांढरकवड्याला नात्यातल्या घरी सोडली होती. आईनं गाठोड्यात माझ्यासाठी डिंकाचे लाडू आणले होते, आणि स्वतःसाठी पाण्याचा तांब्या. मुलीला मूल होईपर्यंत आई तिच्या सासरचं पाणी घेत नाही, आमच्याकडं हे कडक होतं. ती ओट्यावर टेकली, आपल्या तांब्यातलं दोन घोट पाणी प्यायली आणि सासूबाईंशी उन्हाचं बोलायला लागली. मंगळवारी निघायचं ठरलं.

मी आत चुलीपाशी होते. आज बोलले नाही तर मग कधीच बोलता येणार नाही हे कळत होतं. माझी छाती इतकी धडधडत होती की पोटातलं ते दचकून हलायला लागलं. त्यालाही आपली भीती लागली, असं वाटलं आणि मी तशीच, हाताला पीठ असताना, ओट्यावर गेले.

"मी नाही येत," मी म्हटलं. "मला यवतमाळच्या दवाखान्यात बाळंत व्हायचं आहे."

सासूबाईंचा हात सुपात थांबला. बाबांनी उगाच खाकरून अंगणाकडं पाहिलं. मी आईकडं पाहायचं टाळत होते. आता ती म्हणेल, एवढ्या जगाच्या सोडवल्या मी, अन् पोटच्या पोरीले माहा भरवसा नाई. मी वाट पाहिली. शेवटी मी मान वर केली तर आई रडत होती, आवाज न करता, आणि पदरही डोळ्याला लावत नव्हती.

"माय, तुझ्यावर भरवसा नाही असं नाही," मी म्हणायला लागले.

"ठेवूच नोको," ती म्हणाली. "मी सारी वाट देवाले म्हनत आली, हे पोरगी येत नाई म्हनो. पोरीनं म्हटलं त बरं. माय होऊन मी कशी म्हनू, पयल्या बाळंतपनाले मायरी येऊ नोको म्हनून? लोक काय म्हनतीन?"

मला काही कळेना. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काय झालं, इहीनबाई?"

आई माझ्याकडं बघून बोलली. माझ्या शेजारच्या घरची मैत्रीण, जिनं माझ्या लग्नात मला हळद लावली, जिच्यासोबत मी लहानपणी टेंभरं गोळा करायला रानात जायची, ती गेल्या श्रावणात पहिल्या बाळंतपणाला गावी आली होती. मला सांगितलं होतं की ती सासरी आहे, खुशाल आहे. दिवाळीला मी गेले तेव्हाही तेच सांगितलं.

"तिच्या मायनं पयल्या दिवशीच इचारलं होतं मले. गाडी जुपू का, नाल्याले अजून पानी नाई," आई म्हणाली. "मी म्हनलं, कायले जुपते? मी हावो ना. मी हावो, असं म्हनलं मी. दुसऱ्या दिवशी पानी लागलं. तिसऱ्या दिवशी ते माह्या हातात गेली. अन् मंग लेकरूबी."

ओट्यावर चौघं होतो आणि चौघंही जमिनीकडं बघत होतो. माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते, पण वर्षभराची सवय होती.

"वय काय होतं तिचं?" मी विचारलं.

"तुह्याएवढंच," आई म्हणाली. "तुले मालूम नाई का?"

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आत जातील. त्या आईजवळ जाऊन बसल्या आणि माझ्या नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "दवाखान्याजवळ खोली पाह्य. दोघी राह्यतीन, अशी पाह्य." रीत, लोक, ह्यांतलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. इतके महिने मी ज्यांच्यापुढं दवाखान्याचं नाव काढलं नाही त्या ह्याच बाई, हे मला पटेना.

ज्येष्ठाच्या अखेरीस आई आणि मी यवतमाळला खोलीत राहायला गेलो. खोली जावयानं घेतलेली, म्हणून आई पाणी बाहेरच्या सरकारी नळावरून आपल्या तांब्यात आणायची आणि चूलही वेगळी मांडायची. पाऊस लागला. भीती गेली नव्हती. दवाखान्यातही बाया जातात, हे मला बाजेवर पडल्या पडल्या ऐकू येत होतं, आणि त्यांचाही तक्ता कुठंच नव्हता. एकदा आईला म्हटलं, "माझं काही झालं तर?" एरवी तिनं तोंडावर हात ठेवला असता. तेव्हा ती म्हणाली, "मलेबी तेच भेव लागते," आणि माझे पाय चेपत राहिली. त्या उत्तरानं मला जेवढं बरं वाटलं तेवढं कशानं वाटलं नाही.

कळा सकाळी सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपल्या. डॉक्टरांना चिमटा लावावा लागला. मुलगी झाली. तिच्या कानाजवळ दोन्हीकडं लाल वण होते, ते महिन्याभरात गेले. मी खूप रक्त गेल्यामुळं आठवडाभर उठू शकत नव्हते, पण होते.

नर्सनं मुलीला गुंडाळून आजीकडं द्यायला नेलं. आई बाहेर ओसरीत उभी होती. शेकडो मुलं जिनं पहिल्यांदा हातात घेतली तिनं हात पुढं केले नाहीत. "थांबा, हात धुऊन येतो," म्हणाली. नळावर गेली, धुऊन आली, पदराला पुसले, मुलीकडं पाहिलं आणि पुन्हा धुवायला गेली. नर्स हसली, मूल माझ्याजवळ ठेवून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "माय, धुतलेत हात. घे आता." ती बाजेच्या कडेला बसली, आणि मी मुलीला तिच्या ओल्या हातांत ठेवलं.